घोड्याच्या पाठीवर मावणारा वाडा



आज पिकाचं नाही, घोड्याचं लिहितोय. पण विषय शेवटी आपल्या रानातच येणार आहे, म्हणून जरा दमानं वाचा.

मराठीत वाडा हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक वाडा सरदाराचा. दगडी जोतं, सागवानी खांब, दिंडी दरवाजा. दुसरा वाडा धनगराचा. चार-सहा बिऱ्हाडं, काही शे मेंढरं, दोन-चार कुत्री, कोंबड्यांची डालगी आणि हे सगळं वाहून नेणारी घोडी. पहिल्या प्रकारात सगळ्यात नावाजलेला पुण्याचा शनिवारवाडा. १७३० ला काम सुरू झालं, १७३२ ला वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकडी बांधकाम जळून गेलं. शंभर वर्षंसुद्धा भरली नाहीत. दुसऱ्या वाड्याला जोतं नाही, दरवाजा नाही. तो संध्याकाळी उभा राहतो आणि सकाळी गुंडाळून घोड्यावर चढतो. तो अजून चालतोय. दिवाळीनंतर आपल्या रानाच्या कडेनं जाताना दिसतो.

हा गुंडाळून न्यायचा वाडा आणि त्याला वाहणारं घोडं, या दोघांचा इतिहास सांगायचाय. माझं म्हणणं एवढंच आहे. दख्खनच्या घोड्याला नाव मिळालं ते लढाईत, पण पागा मोडल्यावर दोनशे वर्षं त्याला जगवलं ते मेंढरांच्या जाळीनं. आणि ती जाळी जगली शेतकऱ्याच्या मोकळ्या रानावर.

पागा गेली, शब्द राहिले

आधी घोडं बांधायचं कसं ते बघू. बैल दाव्याला बांधला की गप बसतो. घोड्याचं तसं नाही. ते बुजतं, लाथ मारतं, एक उधळलं की दहा उधळतात. म्हणून आपल्याकडं घोड्याला दोन्हीकडून बांधायची रीत होती. पुढं तोंडाकडं दोर तो अगाडी, मागच्या पायाला दोर तो पिछाडी, आणि दोन्ही दोर जमिनीत ठोकलेल्या मेखांना. लष्कर चाललेलं असताना तबेला कुठून आणणार? मेखा आणि दोर हाच तबेला. मुक्कामाला पोचलं की ठोकायच्या, निघताना उपटायच्या. ओळीनं घोडी बांधायचा लांब दोर म्हणजे दावण. तोच शब्द आज आपण गोठ्यात बैलांच्या ओळीला वापरतो.

असे कितीतरी शब्द घोड्यावरून उतरून आपल्या बोलण्यात बसलेत. पायबंद म्हणजे घोड्याच्या पायाला बांधायची दोरी, आज आपण भ्रष्टाचाराला पायबंद घालतो. खोगिरात चिंध्या, गवत कोंबायचे ती खोगीरभरती, आज सभेला जमवलेल्या बिनकामाच्या गर्दीला म्हणतात. घोड्याला हरभरा-हुलग्याची चंदी द्यायची ती तोंडाला तोबरा अडकवून, आज माणूस पानाचा तोबरा भरतो. आणि रतीब. हा शब्द आपण दुधाला वापरतो, पण जुन्या कागदात तो घोड्याच्या रोजच्या ठरलेल्या खुराकाला आहे. ज्या मुलखाच्या बोलीत एवढं घोडं मुरलंय, त्या मुलखात घोडं ही काही फक्त सरदाराची चैन नव्हती, एवढं तरी मान्य करावं लागतं.

शिवाजी महाराजांच्या काळातली घोडदळाची रचना सभासदाच्या बखरीत दिलेली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणारा. पण शेतकऱ्यानं वाचावी अशी ओळ पुढं आहे. दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालवाला आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे घोड्याचं पाणी आणि घोड्याचे खूर या दोन गोष्टींना लष्करात स्वतंत्र माणूस. ज्यानं जनावर सांभाळलंय त्याला कळेल की हा हिशोब गोठ्यात राबलेल्या माणसाचा आहे.

बखरीत आणखी एक गोष्ट आहे. पावसाळ्यात लष्कर मुलखात परत यायचं आणि त्याच्यासाठी दाणा, रतीब, औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं आधी तयार ठेवलेली असायची, माणसांना आणि घोड्यांनाही. दसरा झाला की पुन्हा बाहेर. हा दसरा ते पावसाळा असा फेरा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

चाऱ्याचं पत्र

राज्याभिषेकाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात महाराजांनी चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला एक पत्र पाठवलं. इतिहासात ते रयतेच्या काळजीसाठी नावाजलेलं आहे, आणि ते खरंच आहे. पण ते पत्र चारा व्यवस्थापनाचंसुद्धा आहे.

त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं. पावसाळा पुढं आहे. दाणा-गवत आत्ताच हवं तसं उडवलंत तर भर पावसात काही मिळणार नाही, उपाशी घोडी मरायला लागतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिरून दाणा, भाकर, गवत, लाकूड, भाजी ओढायला लागाल आणि रयतेला वाटेल यापेक्षा मोगल बरे. पाहिजे ते बाजारातून पैसे देऊन आणा. पुढं तर इतकी बारीक गोष्ट आहे की रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, आणि गवत गेलं की घोडी गेली.

जो माणूस उंदरानं वात न्यायचा विचार करतो त्यानं गंजी जळताना ऐकलेली तरी असणार. आणि मुद्दा आपल्या कामाचा आहे. घोडं पोसायचं म्हणजे कुणाच्या तरी रानातला चारा लागतो. तो ओरबाडून घ्यायचा, का सौदा करून घ्यायचा, यावर घोडेवाल्याचं आणि शेतकऱ्याचं नातं ठरतं. लष्कराला ही गोष्ट पत्र लिहून, दम देऊन शिकवावी लागली. मेंढपाळाला ती मुळातच ठाऊक होती, कारण त्याच्यामागं तलवार नव्हती. त्याला पुढच्या वर्षी त्याच बांधावर परत यायचं असायचं.

भीमेच्या थडीचं तट्ट

आता हे घोडं कुठलं? थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता, आजच्या दौंड-बारामतीचा भाग. भीमा, नीरा, कऱ्हा, माण या नद्यांच्या खोऱ्यांतली तट्टं नावाजलेली. आपल्या राज्यगीतातसुद्धा त्यांचं नाव आहे.

हा मुलूख पावसाच्या छायेतला. ओसाड माळ, कुसळी गवत, हवा कोरडी. कोकणातल्या चिखलात खूर कुजतो, इथं तो दगडासारखा कडक होतो. बाहेरून बंदरांवर अरबी घोडी उतरायची, बहामनी आणि आदिलशाही काळापासून तो व्यापार होता. त्यांचं रक्त इथल्या लहान चणीच्या तट्टांत मिसळत गेलं. त्यातून जे तयार झालं ते दिसायला फार देखणं नाही. उंची बेताची, पण पाय पक्के, खाणं थोडं आणि चाल न संपणारी. मलिक अंबरानं मराठी घोडेस्वारांना हाताशी धरून जी धावती लढाई खेळली आणि पुढं स्वराज्यानं जी परमोच्चाला नेली, तिच्यामागं हे असं थोडक्यात भागणारं घोडं होतं.

आणि मेंढरांचा मुलूखही हाच. हा योगायोग नाही. ज्या माळावर मेंढी जगते त्याच माळावर हे तट्ट जगतं. म्हणून लष्करातला घोडेस्वार आणि माळावरचा मेंढपाळ ही दोन वेगळी माणसं होती असं समजू नका. मल्हारराव होळकरांचं उदाहरण घ्या. जन्म १६९३, गाव नीरेकाठचं होळ, जात धनगर. वडील लवकर गेले, आई मुलाला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडं आली. मामा भोजराज बारगळ यांच्या पदरी थोडे घोडेस्वार होते. पोरगं आधी मामाच्या मेंढरांमागं फिरलं आणि मग मामाच्या घोड्यावर बसलं. पुढं माळव्यात राज्य उभं केलं. रोज तळ हलवायचा, रोज पाणी शोधायचं, जनावर थकायच्या आत थांबायचं, रात्री राखण करायची, ही विद्या मेंढरामागं फिरणाऱ्याला वेगळी शिकवावी लागत नाही.

१८१८ नंतर घोडं गेलं कुठं?

पेशवाई १८१८ ला संपली. पागा मोडल्या. शिलेदारांपैकी काही इंग्रजांच्या रिसाल्यात गेले, बरेचसे नांगराला लागले. पुण्यात पेशव्यांच्या खास घोड्यांची जागा होती ती हुजूरपागा, तिथं आज मुलींची शाळा आहे, संस्था १८८४ सालची. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे. पागा आता नावापुरती.

लढाई संपली, मग रस्ते झाले, रेल्वे आली, १८६३ ला बोरघाटातून गाडी धावली. ओझं वाहायला घोड्याची गरज कमी झाली. टांगे राहिले, तेही एसटी आणि रिक्षा आल्यावर गेले. लग्नाच्या वरातीपुरतं घोडं उरलं, पण वरातीला लोकांना उंच, पांढरं, नाचणारं जनावर लागतं. आपलं तट्ट तिथं नापास. एक वेळ अशी आली की ही जात जवळजवळ संपली असं पुस्तकातून लिहिलं गेलं.

पण पुस्तकं लिहिणारे पागेत शोधत होते. घोडं वाड्यावर होतं. धनगराच्या बिऱ्हाडाखाली, पाठीवर जाळी, खुट्या, पिठाची गोणी, भांडी, वरती डालगं आणि त्याच्यावर बसवलेलं लहान पोर घेऊन ते घाट चढत-उतरत होतं. त्याला कुणी भीमथडी म्हणत नव्हतं, नुसतं घोडं म्हणत होतं, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

वाघूर

आता त्या जाळीकडं येऊ. तिला वाघूर म्हणतात, कुठं वाघर. शब्द जुना आहे, संस्कृतात वागुरा म्हणजे जाळं. रात्री मेंढरं कोंडायची ही जाळी घरी विणलेली. आधी सुताच्या नाहीतर ताग-अंबाडीच्या दोरीची असायची, आता बहुतेक नायलॉनची. पावसाळ्यात वाडा एका जागी असतो तेव्हा वर्षभर फाटलेलं बसून सांधायचं.

रचना साधी. कमरेएवढ्या उंचीच्या खुट्या ठरावीक अंतरावर ठोकायच्या, त्यांना जाळी अडकवत न्यायची, शेवटी दोन टोकं जुळवायची. मेंढरं आत, कुत्री बाहेर, माणसं जाळीला लागून. कोकरांना वेगळं खण. सगळं उभं करायला फार वेळ लागत नाही, मोडायला त्याहून कमी.

आपण गोठा बांधणारी माणसं, आपल्याला वाटतं ही काय तात्पुरती सोय. पण नीट बघितलं तर एकेका गोष्टीला कारण आहे. जाळीतून वारा जातो, त्यामुळं दाटीतही मेंढराला कोंडल्यासारखं होत नाही. बाहेरची चाहूल आतल्या मेंढराला कळते आणि मेंढरांची हालचाल बाहेरच्या माणसाला कळते. घेर गोल ठेवतात, कारण मेंढरं बुजली की एका बाजूला लोटतात, आणि कोपरा असला तर त्या कोपऱ्यात एकमेकांखाली गुदमरून मरतात. जाळी ताणली तर थोडी ढिली होते, भिंतीसारखी लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घडी घातल्यावर ती एका घोड्याच्या पाठीवर एका बाजूला बसते. ज्या वस्तूची घडी होत नाही ती वाड्यात टिकत नाही.

पूर्वी जाळीचं काम लांडग्याविरुद्ध होतं. जाळी लांडग्याला अडवत नाही, उशीर लावते. तेवढ्यात कुत्री उठतात, मग माणूस उठतो. आता उसात बिबट्या आलाय. त्याला ही जाळी म्हणजे काहीच नाही. वरून उडी मारून मेंढरू उचलतो. शेकडो वर्षं पुरलेल्या सोयीला पहिल्यांदाच असा शत्रू भेटलाय.

घोड्याचा दिवस

वाड्यावरचं घोडं बहुतेक वेळा घोडी असते. ती ओझंही वाहते आणि शिंगरूही देते. शिंगरू आईमागं मोकळं चालत मोठं होतं आणि ओझं न घेताच वाट शिकतं.

पहाटे मेंढरं जाळीतून निघाली की गडी त्यांच्याबरोबर चरत-चरत जातात. सामान आणि घोडी बायांच्या हातात. घोड्यावर ओझं घालणं ही मोठी कसब आहे आणि ती वाड्यावर बायांकडं असते. खाली घोंगडी, गोणपाटाचे जाड थर, मग दोन्ही बाजूंना समतोल वजन, मधे हलकं आणि मोठं. एक बाजू दोन किलोनं जड झाली तरी दहा मैलांत पाठ लागते. पाठ लागली म्हणजे कातडं सोललं, माशी बसली, आणि पंधरा दिवस जनावर बसून. मग त्याचं ओझं दुसऱ्यावर, आणि त्याचीही पाठ जाते. म्हणून ओझं उतरवलं की पहिलं काम पाठीवरून हात फिरवणं. गरम गाठ हाताला लागली की दुसऱ्या दिवशी थरात तिथं पोकळी ठेवायची.

बाया घोडी घेऊन सरळ वाटेनं पुढं जातात, ठरलेल्या रानात पोचतात, घोडी मोकळी करतात, पाणी-लाकूड बघतात, चूल मांडतात, खुट्या ठोकतात. मेंढरं संध्याकाळी येतात तेव्हा वाडा उभा असतो.

घोड्याला रात्री कोंडत नाहीत, पुढचे दोन पाय थोडी ढील ठेवून बांधतात आणि चरायला सोडतात. यालाही कारण आहे. बैल, मेंढी, शेळी पोट भरून घेतात आणि मग बसून रवंथ करतात. घोडं रवंथ करत नाही. त्याचं जठर लहान, चाऱ्याचं पचन मागच्या आतड्यात. त्याला थोडं-थोडं, पण दिवस-रात्रीतला पुष्कळ वेळ चरायला लागतं. एकदम भरपूर दाणा घातला की पोटशूळ होतो. म्हणजे दावणीला बांधून वैरण टाकायची पद्धत घोड्याला मानवते त्यापेक्षा पाय बांधून माळावर सोडायची पद्धत जास्त मानवते. पागेत त्याची भरपाई म्हणून चंदी, रतीब, मोतद्दार असा सगळा बारदाना लागायचा. वाड्यावर तो बारदाना नाही आणि गरजही नाही.

आणि इथंच जात टिकायचं गणित आहे. दरवर्षी शेकडो मैल ओझं घेऊन चालायचं, मिळेल ते खायचं, मिळेल तिथलं पाणी प्यायचं. जी घोडी यात टिकते तिचीच शिंगरं पुढं चालतात. वाड्यावर वंशावळीची वही नसते, पण निवड रोज होते.

मेंढरं बसवायचा सौदा

आता आपला भाग. पीक निघालं की रानात मेंढरं बसवायची ही जुनी रीत. शेतकऱ्याला खत, मेंढपाळाला चारा, धान्य नाहीतर पैसे. दसरा-दिवाळीनंतर देशावरचे काही वाडे घाट उतरून कोकणात जातात. भात कापून झालेलं असतं, खाचरं मोकळी असतात. तिकडं मोबदला म्हणून भात मिळायचं. मिरगाच्या आधी परत वर, कारण कोकणातल्या पावसात दख्खनी मेंढी तग धरत नाही. आठवतो का तो दसरा ते पावसाळा फेरा? लष्कराचा आणि मेंढरांचा फेरा एकच आहे, कारण दोघांचं पंचांग पाऊस आणि गवत ठरवतं.

कृषीच्या पोरांसाठी आकडे. लेंडीखतात साधारण ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद, २ टक्के पालाश धरतात. शेणखतात ०.५, ०.२ आणि ०.५. शिवाय उकिरड्यावर जे मूत वाया जातं ते मेंढरं बसवल्यावर सरळ जमिनीत मुरतं, आणि जनावराच्या मुतात नत्र भरपूर असतं. वाहतूक नाही, पांगवायची मजुरी नाही, ट्रॉली नाही.

फक्त दोन गोष्टी पाळायच्या. एक, वाघूर रोज सरकवायला सांगायची. आजच्या जागेला लागून उद्याची, म्हणजे सगळ्या रानात सारखं बसतं. जाणता मेंढपाळ न सांगता हे करतो. दुसरी, मेंढरं उठली की लगेच हलकी कुळवाची पाळी द्यायची. उन्हात तसंच पडलं तर नत्राचा मोठा वाटा हवेत जातो. खोल नांगरायचं कारण नाही, वरच्या थरात मिसळलं की झालं. खोटही सांगतो. मेंढरांनी बाभळीच्या, वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या असतील तर लेंडीतून बी येतं. पहिल्या पावसानंतर उगवलेलं लगेच मोडायचं.

मोकळं रान उरलं नाही

हे सगळं इतकं चांगलं, तर अडलंय कुठं? जमिनीवर अडलंय.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमाराला सुरू झाला. भाटघरचं मोठं धरण १९२८ ला झालं, पुढं उजवा कालवा, मग १९८० ला उजनी. ज्या भीमथडीत तट्ट घडलं ती भीमथडीच भिजली. दुष्काळी मुलखाला पाणी मिळालं, ते मिळायलाच पाहिजे होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माळ फुटला आणि ऊस आला. ऊस बारा-अठरा महिने रान सोडत नाही, मग खोडवा. मेंढरं बसवायला रान मोकळं मिळायचं कधी? तिकडं १८७८ च्या जंगल कायद्यापासून राखीव जंगलं बंद होत गेली. गायरानं अतिक्रमणात गेली. आणि जुन्या वाटा हमरस्ते झाले, त्यावरून घोडं आणि मेंढरू चालवणं म्हणजे जीव मुठीत घेणं.

म्हणून आता वाडे सामानाला पिकअप घेतात. त्यांना दोष देता येत नाही. पोरं शाळेत घालायचीत, बायांचे पाय झिजलेत, रात्री मुक्काम लवकर गाठायचाय. पण पिकअप आली की घोड्याचं काम संपलं. आणि आपण शेतकरी जाणतोच, ज्या जनावराचं काम संपतं त्याचं काय होतं. खिल्लाराचं ट्रॅक्टर आल्यावर काय झालं ते बघितलंय आपण.

कागदावर आलं, आता रानात?

चांगली बातमीही आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, २०२४ च्या सुरुवातीला ती जाहीर झाली. ज्याला संपलं म्हणत होते ते मेंढपाळांच्या वाड्यांवर सापडलं आणि सरकारी वहीत आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात २१ वी पशुगणना सुरू झाली, आणि तिच्यात पहिल्यांदाच फिरत्या पशुपालकांची जनावरं वेगळी मोजायचं ठरलं. हे फार महत्त्वाचं. गणना घरोघर होते आणि वाडा घरात नसतो. आधीची, २०१९ ची गणना सांगते की देशात घोडे आणि तट्टं मिळून ३.४ लाख उरलीत, २०१२ च्या मानानं ४५ टक्क्यांहून जास्त घट.

पण नोंद म्हणजे जगणं नाही. भीमथडी शोभेसाठी दहा-वीस फार्मवर ठेवली तर रंग राहील, उंची राहील. पण पक्का पाय, थोडकं खाणं आणि न संपणारी चाल राहील का? हे गुण चालण्यातून आले. तबेल्यात बांधलेल्या घोड्याची निवड देखणेपणावर होते, वाड्यावरच्या घोड्याची टिकण्यावर.

म्हणून आपल्या हातात आहे तेवढं सांगतो. ज्यांच्याकडं ज्वारी, बाजरी, हरभरा, कांदा निघून रान रिकामं होतं त्यांनी वाड्याला आधी निरोप धाडून बोलवावं. विहिरीवर पाणी आणि बांधावरचं गवत घोड्याला मोकळं ठेवावं, त्यानं आपलं काही कमी होत नाही. बिबट्याच्या भागात असाल तर रात्रीपुरता वस्तीजवळचा तुकडा द्यावा, एखादा दिवा लावून द्यावा. पशुवैद्यक मंडळींनी वाडा गावात आला की मेंढरांच्या लसीबरोबर घोड्याकडंही बघावं, पाठ, खूर, ताप. त्या घोडीला तपासायला दुसरं कुणी येत नाही. आणि कृषी विद्यापीठातल्या पोरांनी मेंढरं बसवलेल्या आणि न बसवलेल्या रानाचं माती परीक्षण शेजारी-शेजारी करून आकडे शेतकऱ्यापुढं मांडावेत. शेतकरी वहिवाटीवर एकदा विश्वास ठेवतो, आकड्यावर दरवर्षी पैसे मोजतो.

सरदारांचे वाडे जपायला पुरातत्त्व खातं आहे. या दुसऱ्या वाड्याला दोन-तीन रात्रींपुरतं मोकळं रान लागतं, आणि ते रान आपल्याकडं आहे.

तुमच्या भागात या जाळीला काय म्हणतात, शंभर मेंढरांना रात्रीचा काय दर चाललाय आणि वाड्याबरोबर घोडी अजून येतात का पिकअप, ते खाली लिहा. जुन्या माणसांना विचारून लिहिलंत तर आणखी बरं.

राम राम.